पत्रिकेच्या पाठीवरचा महिना

आमच्या मंडळाची एक रीत आहे. वर्षभरात ज्यांची पंचाहत्तरी झाली त्यांचा संक्रांतीच्या कार्यक्रमात सत्कार करायचा आणि स्मरणिकेत प्रत्येकाचं एकेक पान छापायचं. वर फोटो, मध्ये माहिती आणि खाली एक चौकट : ‘तुमच्या जन्ममहिन्यातलं जग’. चौकटीची कल्पना विक्रमची. विक्रम आमचा संपादक, म्हणजे कॉम्प्युटरवर हात चालतो म्हणून संपादक. जन्मतारीख दिली की त्या महिन्यात जगात काय काय झालं ते तो शोधून काढतो आणि चौकटीत ओततो.

यंदा सत्कार सात जणांचे, आणि त्यांतल्या पाच जणांची जन्मतारीख एक जून एकोणीसशे पन्नास. त्यामुळे पाच पानांवर कोरियाचं युद्ध पेटलंय. विक्रमला वाटलं, काय योगायोग! तो इथेच मिशिगनमध्ये जन्मलेला, त्याला काय ठाऊक? आमच्या काळी बाप मुलाला शाळेत घालायला जायचा, त्याला तारीख आठवायची नाही, आणि मास्तर जूनची पहिली तारीख ठोकून द्यायचे. अर्ध्या महाराष्ट्राचा वाढदिवस त्या एका दिवशी असतो.

त्या पाचांतलं एक पान सुमंत निकुंभांचं आहे. ते मी लिहायचं आहे, आणि त्या पानावर मी कोरिया छापू देणार नाही. त्यावरून विक्रमशी माझं वाजलंय. का, ते सांगते. आज वेळ आहे. सकाळी सातपासून मी फोन समोर ठेवून बसले आहे, आणि हाताला काम नसेल तर मला वेड लागेल.

मी कांचन. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात तेहतीस वर्षं राहते. नागपूरला इतिहासात एम.ए. केलं, त्याचा इथे काही उपयोग झाला नाही. मराठी आणि हिंदी येत होतं, त्याचा झाला. कोर्टात आणि हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून काम केलं, कागदांची भाषांतरं केली. अशा प्रत्येक भाषांतराखाली शपथेवर लिहून द्यावं लागतं की हे पूर्ण आणि अचूक आहे. तशा हजारभर सह्या मी केल्या असतील. त्यांतल्या एका सहीची मला लाज वाटते, आणि ती याच वर्षीची आहे.

सुमंतराव माझ्या शेजारच्या गल्लीत राहतात. एरंडोलजवळच्या खेड्यातल्या हेडमास्तरांचा मुलगा. स्कॉलरशिपवर शिकला, त्र्याहत्तर साली इकडे आला आणि एकतीस वर्षं मोटारींचे ब्रेक तपासत राहिला. गाडी ताशी साठ मैलांवर न्यायची, ब्रेक दाबायचा आणि ती किती फुटांत थांबली ते मोजायचं, हे त्यांचं आयुष्य. एकदा एका नव्या ब्रेकची गाडी मर्यादेच्या चार इंच पुढे थांबली. साहेब म्हणाला, चार इंचच ना, सही करून टाक. सुमंतराव म्हणाले, “त्या चार इंचांत कुणाचं तरी पोर उभं असेल.” सही केली नाही. त्या वर्षीचं प्रमोशन दुसऱ्याला मिळालं.

ही गोष्ट त्यांनी स्वतः कधी सांगितली नाही, नीलाताईंनी सांगितली. नीलाताई म्हणजे त्यांची बायको. सांगताना तिच्या आवाजात निम्मा अभिमान आणि निम्मा वैताग असायचा. वैताग मलाही कळतो. रस्ता दूरपर्यंत रिकामा असला तरी हा माणूस स्टॉपच्या पाटीशी गाडी पूर्ण थांबवतो आणि तीन आकडे मोजतो. त्यांच्या मागे आपली गाडी येऊ नये याची नोव्हायमधली मराठी माणसं काळजी घेतात.

नीलाताई सार्वजनिक लायब्ररीत लहान मुलांच्या विभागात होती. जीभ धारदार, हात सढळ. तिला आईकडून एक आजार आला : मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात आणि एक दिवस ती काम करायची थांबतात. दोन वर्षांपूर्वी तिची थांबली. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. मृत माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घातलं, पण तिथे चार-पाच वर्षांची रांग, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तिचं हृदय एवढी वर्षं मशीनवर काढणार नाही. एकुलती एक मुलगी प्रीता, टेक्ससात प्लेनोला वकिली करते. ती किडनी द्यायला धावत आली, तर तपासणीत तिच्याही पोटात त्याच गाठी निघाल्या. राहिले एकटे सुमंतराव. त्यांचं जुळलं. सहा महिने त्यांच्या तपासण्या चालल्या, आणि डॉक्टर म्हणाले की साठीतल्या माणसाची असावी अशी किडनी आहे.

त्या हॉस्पिटलची एक अट होती. ऑपरेशनच्या दिवशी देणाऱ्याला पंचाहत्तर पूर्ण झालेली नकोत. कागदावर सुमंतरावांची पंचाहत्तर एक जूनला भरत होती, आणि ऑपरेशन ठरलं वीस मेला.

“बारा दिवसांची मार्जिन आहे,” ते मला म्हणाले. “भरपूर झाली.”

मेच्या दहा तारखेला नीलाताईला ताप भरला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात गेले होते. आठ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली, पण ऑपरेशन चोवीस जूनवर गेलं. पाठोपाठ हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर बाईचा फोन आला. अतिशय गोड आवाजात तिने सांगितलं की त्या दिवशी मिस्टर निकुंभांना पंचाहत्तर पूर्ण झालेली असतील, त्यामुळे अडचण आहे.

सुमंतराव शांत होते. “पण माझा जन्म जूनचा नाहीच,” ते म्हणाले. “आई नेहमी सांगायची, दिवाळीचा फराळ संपला आणि तू आलास. बावीस नोव्हेंबर. म्हणजे माझी पंचाहत्तर भरायला अजून सहा महिने आहेत.”

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. घरी त्यांचा वाढदिवस नोव्हेंबरातच व्हायचा. गेल्याच नोव्हेंबरात नीलाताईने मला चहाला बोलावलं होतं. बघते तर टेबलावर परातीत कणकेचे पंचाहत्तर दिवे. डायलिसिसहून आलेल्या बाईने दुपारभर बसून ते वळले होते. तिने ते पेटवले, नवऱ्याला ओवाळलं, आणि छतावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागला. मी खुर्चीवर चढून तो बंद केला.

सुमंतराव हसत म्हणाले, “अगं, पंचाहत्तरावं आत्ता लागलंय. पूर्ण व्हायला वर्ष आहे.”

“लागलं तरी चालतं,” नीलाताई म्हणाली. “पुढच्या वर्षी मी असेन नसेन.”

कोऑर्डिनेटर म्हणाली, जन्माच्या वेळचा एखादा कागद असेल तर प्रमाणित भाषांतरासह आणा, समिती बारा जूनला बसेल तेव्हा विचार करील. प्रीता फोनवर भडकली.

“बाबा, डोंट टच दॅट! सिटिझनशिपच्या फॉर्मवर तुम्ही शपथेवर एक जून लिहिलंय. या वर्षी, लोकांची नागरिकत्वं तपासताहेत अशा हवेत, माझी तारीख चुकीची आहे असं कुणी लिहून देतं का?”

“मी सरकारला कुठे सांगतोय? हॉस्पिटलला सांगतोय.”

“कागद हा कागद असतो, बाबा. आय डू धिस फॉर अ लिव्हिंग.” मग तिचा आवाज खाली आला. “आईसाठी करताय, आय नो. करा. पण जेवढं लागेल तेवढंच दाखवा.”

जळगावला सुमंतरावांचा पुतण्या प्रताप राहतो. त्याने मास्तरांची, म्हणजे सुमंतरावांच्या वडिलांची, जुनी पत्र्याची ट्रंक उघडली आणि पत्रिका काढली. दोन जूनला सकाळी फोटो आले. सुमंतरावांनी ते छापून घेतले आणि मला बोलावलं. मी, ते आणि नीलाताई त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो.

पत्रिकेला वाळवीने खाल्लं होतं. कुंडलीच्या मधोमध एवढं मोठं भोक की ग्रहांना घरंच उरली नव्हती. तिथी गेली होती, वार गेला होता. पण वरच्या ओळीत मास्तरांचं मोत्यासारखं अक्षर शाबूत होतं : ‘चि. सुमंत याचा जन्म, ता. २२ नोव्हेंबर १९’. एकोणीसपुढे भोक.

“झालं की!” सुमंतराव म्हणाले. “बावीस नोव्हेंबर आहे. साल दाखल्यावर आहेच, पन्नास.”

मग त्यांनी दुसरा फोटो पुढे केला. पत्रिकेची पाठ. मास्तरांची एक सवय होती, ती मला तेव्हा कळली. गावात वर्तमानपत्र एकच यायचं, शाळेत, टपालाने, दोन दिवस शिळं. मूल झालं की मास्तर त्याच्या पत्रिकेच्या पाठीवर त्या महिन्यात जगात काय घडलं ते लिहून ठेवायचे. पोराला कळावं आपण कुठल्या जगात आलो, म्हणून. विक्रमची चौकट मास्तरांनी पंचाहत्तर वर्षं आधीच आखून ठेवली होती.

सुमंतराव मोठ्याने वाचू लागले. वडिलांचं अक्षर फार वर्षांनी दिसत होतं.

“या महिन्यात जगात. एक, हेग येथे इंडोनेशियास स्वातंत्र्य देण्याचे ठरले. दोन, पंडित नेहरू अमेरिकेचा दौरा आटोपून परत आले. बघा कांचनताई, माझ्या पत्रिकेत अमेरिका! तीन, गांधीजींच्या खुनाबद्दल दोघांना अंबाला येथे फाशी. चार, चीनमध्ये जुन्या सरकारची पळापळ. पाच, घटना समितीने देशाची घटना मंजूर केली. आणि सहा…” इथे ते थांबले आणि चष्मा काढून डोळे पुसले. “सहा, घरी मुलगा झाला. दोघेही सुखरूप.”

मी इतिहासाची विद्यार्थिनी. घटना मंजूर झाली ती सव्वीस जानेवारी पन्नासच्या आधी, नोव्हेंबरात. नोव्हेंबर एकोणपन्नासमध्ये. अंबाल्याची फाशीही तेव्हाचीच. ज्या महिन्यात हे सगळं घडलं तो महिना पन्नास सालचा नव्हता.

मी वर पाहिलं. सुमंतराव वडिलांच्या अक्षरावर बोट फिरवत होते. नीलाताई माझ्याकडे बघत होती.

“भाषांतर करून द्याल ना?” सुमंतरावांनी विचारलं आणि दोन्ही कागद माझ्या हातात दिले.

घरी आले आणि लायब्ररीच्या संग्रहातली जुनी वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर उघडली. मला वाटत होतं, माझी चूक निघू दे. एकही निघाली नाही. ओळीन्‌ओळ नोव्हेंबर एकोणपन्नास. सुमंतरावांना गेल्या नोव्हेंबरातच पंचाहत्तर पूर्ण झाली होती. वीस मेचं ऑपरेशन झालं असतं तरी ते अटीच्या बाहेरच होतं. दाखल्याने त्यांचं वय वाढवलं नव्हतं, सहा महिने कमी केलं होतं. आणि ते सिद्ध करणारा कागद माझ्या टेबलावर, माझ्या सहीची वाट बघत पडला होता.

बुधवारी मी डायलिसिस सेंटरवर नीलाताईजवळ बसायला जाते. त्या बुधवारीही गेले. शाल पांघरून ती खुर्चीत पडली होती, हातातून दोन नळ्या मशीनकडे गेलेल्या. मी काही विचारायच्या आत ती बोलली.

“तुला कळलं.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“सत्त्याहत्तरपासून. लग्न ठरवायला मास्तर आमच्या घरी आले होते. माझ्या वडिलांना म्हणाले, पत्रिका खरी देतोय, दाखल्यावरची तारीख खोटी आहे. स्कॉलरशिपच्या परीक्षेला वयाची अट होती, पोर सहा महिन्यांनी जास्त भरत होतं. हेडमास्तर मीच, रजिस्टर लिहिणारा मीच. आयुष्यात एवढं एकच खोटं लिहिलं. पण मुलाला सांगू नका. त्याला वाटेल, ती स्कॉलरशिप आपली नव्हतीच.”

“म्हणजे सुमंतरावांना…”

“नाही माहीत. आई त्यांना महिना सांगायची, साल कधी बोलली नाही. गेल्या वर्षी मी पंचाहत्तर दिवे मोजून लावले, गं. त्यांना वाटलं बायकोचं गणित कच्चं.” ती हसली, मग हसू गेलं. “त्यांना कळलं तर ते समितीत जाऊन सांगतील. तू ओळखतेस त्यांना. चार इंच सोडले नाहीत, सहा महिने सोडतील?”

मशीन गुरगुरत होतं. तिने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं. हात बर्फगार होता.

“कांचन, मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. मला जगायचंय. त्यांच्याबरोबर अजून थोडं जगायचंय. तू फक्त पुढची बाजू कर.”

खोटं कशाला बोलू, मी फार वेळ लावला नाही. घरी येऊन पत्रिकेच्या पुढच्या बाजूचं भाषांतर केलं. वर लिहिलं, ‘कागदाची पुढची बाजू’. खाली लिहिलं, पूर्ण आणि अचूक. एकही शब्द खोटा नव्हता. वकिलाने शिकवावी अशी पळवाट मी आपली आपण काढली आणि सही ठोकली. वाळवीने केलं नव्हतं ते काम मी केलं.

बारा जूनला आम्ही तिघं हॉस्पिटलात गेलो. लांबट टेबल, पलीकडे पाच माणसं. मधले डॉक्टर पिकलेल्या केसांचे, हळू बोलणारे. त्यांनी माझं भाषांतर वाचलं, पत्रिकेचा फोटो उजेडात धरला.

“सुंदर अक्षर आहे,” ते म्हणाले. “साल फाटलंय, पण शाळेच्या दाखल्यावर पन्नास आहे, म्हणजे नोव्हेंबर पन्नास. मला हे पुरेसं वाटतं.” बाजूची बाई मान हलवत लिहून घेऊ लागली. नीलाताईने टेबलाखाली माझा हात शोधला. डॉक्टरांनी फोटोचा कागद सहज उलटा केला. मागे कोरा. “मूळ कागदाच्या मागे काही आहे का?”

प्रश्न मला होता. पाच माणसं माझ्याकडे बघत होती. कोर्टात खुन्यांच्या जबान्यांची भाषांतरं करताना माझा आवाज कधी अडला नव्हता. नीलाताईची बोटं माझ्या हातात रुतली. मी तोंड उघडलं. ‘नाही’ म्हणणार होते, हे मी इथे लिहून ठेवते.

“आहे,” सुमंतराव म्हणाले.

त्यांनी खिशातून पाठीच्या फोटोचा दुसरा, घडी घातलेला कागद काढला, टेबलावर सरळ केला आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगितली. हेग, अंबाला, चीन, घटना. मग म्हणाले, “ही सगळी नोव्हेंबर एकोणपन्नासची हकिकत आहे. आज माझं वय पंचाहत्तर वर्षं, सहा महिने आणि एकवीस दिवस आहे. माझ्या बायकोला हे आत्ता कळतंय. या बाईंनी मी दिलं तेवढंच भाषांतर केलं.”

त्यातली शेवटची दोन्ही वाक्यं खोटी होती. ती आम्हा दोघींना वाचवायला होती.

समितीने तिथल्या तिथे नकार दिला. डॉक्टरांना वाईट वाटलेलं दिसत होतं, पण नियम तो नियम.

परत येताना मी मागच्या सीटवर होते. नोव्हायची वळणं लागली, पहिली स्टॉपची पाटी आली. सुमंतरावांनी गाडी थांबवली. एक, दोन…

“जा ना आता!” नीलाताई किंचाळली. “कोणी येत नाहीये! कुठ्ठे कोणी येत नाहीये! मी मरतेय तुमच्या शेजारी आणि तुम्ही आकडे मोजताय!”

तिसरा आकडा मोजून त्यांनी गाडी पुढे नेली.

घरी आल्यावर ती आत निघून गेली. आम्ही दोघं गॅरेजमध्ये उभे राहिलो.

“तुम्हाला कधी कळलं?” मी विचारलं.

“त्याच दुपारी. इंडोनेशियाची ओळ खटकली, शोधलं. तुमच्या चेहऱ्यावरून वाटलं, तुम्हालाही कळलंय. आणि ते पंचाहत्तर दिवे आठवले, नीलाचं गणित कधीच कच्चं नव्हतं.” ते थांबले. “मला स्वतःला बोलायचं धैर्य नव्हतं, कांचनताई. म्हणून दोन्ही कागद तुमच्याकडे राहू दिले. वाटलं, तुम्ही दोन्ही बाजू लिहाल. तुम्ही नाही लिहिल्यात.”

मी इतकी चिडले की माझे कान तापले. एकतीस वर्षं एक सही सोडली नाही या माणसाने, आणि ही सही माझ्यावर ढकलली! तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी मान खाली घातली.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “मी घाबरलो होतो. खरं बोललो तर ती जाईल, आणि नाही बोललो तर… सहा महिने कमी का लिहिले असतील, तेही लक्षात आलं माझ्या. स्कॉलरशिपला एकाच मुलाची जागा होती. माझ्या मागे कोणीतरी होता. दुसऱ्या नंबरावर. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही.” आणि तो पंचाहत्तर वर्षांचा माणूस अवजारांच्या कपाटाला टेकून रडला. माझा राग तिथेच विझला, पण मी त्यांना क्षमा केली असं नाही.

चार दिवस नीलाताई त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी हॉस्पिटलच्या त्या डॉक्टरांचा फोन आला. म्हणाले, आमचा नियम मी वाकवू शकत नाही, पण ओहायोत एक सेंटर आहे, तिथे वयाची अट नाही, फक्त तपासण्या बघतात. मी त्यांना पत्र लिहितो. मात्र सगळं पहिल्यापासून होईल. पाच-सहा महिने लागतील, आणि तेवढे दिवस मिसेस निकुंभ टिकतील याची खात्री मी देत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. सुमंतरावांनी नीलाताईला स्कॉलरशिपचं सांगितलं. तिला ते अठ्ठेचाळीस वर्षं माहीत होतं, तरी तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मास्तरांनी एक खोटं लिहिलं म्हणून तुम्ही शिकलात, आणि मला मिळालात,” ती म्हणाली. “त्या खोट्याची भाकरी मी जन्मभर खाल्ली. आता तुमच्या खऱ्याचे पाच महिने काढते. पण मेले तर लक्षात ठेवा, मी तुमच्यावर रागावून मेले.”

“चालेल,” सुमंतराव म्हणाले. “रागावलेली चालेल.”

ते पाच महिने कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. ऑगस्टमध्ये ती मशीनवरच बेशुद्ध पडली. सप्टेंबरात ओहायोच्या डॉक्टरांना तिच्या हृदयाची शंका आली आणि तीन आठवडे सगळं थांबलं. सुमंतराव रोज मॉलमध्ये चार मैल चालायचे, मीठ सोडलं, आणि दर पंधरा दिवसांनी तीन तास गाडी चालवून तपासणीला जायचे. कोणी वय विचारलं की वर्षं, महिने, दिवस सांगायचे. ऑक्टोबरच्या शेवटी होकार आला. आजची तारीख मिळाली, अठरा नोव्हेंबर.

मला सर्दी झाली म्हणून प्रीताने येऊ दिलं नाही. “मावशी, नो जर्म्स, प्लीज,” म्हणाली. सकाळी सातला आधी सुमंतरावांना आत नेलं, नंतर नीलाताईला. आता दुपारचे दोन वाजत आलेत.

अकराला फोन वाजला. मी झडप घातली, तर विक्रम.

“मावशी, पान कधी देताय? आणि लिसन, तुम्ही म्हणता ते फॉर्टी-नाइन असेल, तर काकांना येत्या शनिवारी सेव्हंटी-सिक्स होतात. मग ते या वर्षीच्या लिस्टमध्ये बसतच नाहीत, यार. लास्ट इयरच्या बॅचमध्ये हवे होते. आपण जूनच ठेवू ना? हू विल नो?”

“मला कळेल,” मी म्हटलं. “आणि विक्रम, वयाच्या अटी मी या वर्षी पुष्कळ पाहिल्या. मंडळाला त्यांचा सत्कार करायचा नसेल तर नका करू. पान छापलं जाईल, आणि चौकटीत नोव्हेंबर एकोणपन्नास येईल.” फोन ठेवला.

मग हे लिहायला बसले. चौकटीसाठी मास्तरांची यादी उतरवून काढली, जशीच्या तशी, पाठीवरची. या वेळी एकही ओळ सोडली नाही. इंडोनेशिया, नेहरू, अंबाला, चीन, घटना, आणि शेवटी घरातला मुलगा. खाली पूर्ण आणि अचूक असं लिहायचा मोह झाला, पण अजून ते पूर्ण नाही. ओहायोहून कुणी बोललेलं नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. चौथ्या घंटीला उचलला. पलीकडे प्रीता नुसतीच रडत होती.

“प्रीता, बोल. काय ते बोल.”

“मावशी… किडनी लावल्या लावल्या काम करायला लागली. बाबा जागे झालेत, त्यांनी विचारलं किती वाजले. आईला आत्ता आणतायत. शी इज ओके. दे आर बोथ ओके.”

मी चौकटीत मास्तरांच्या सहाव्या ओळीखाली सातवी ओळ लिहिली. तारीख घातली, १८ नोव्हेंबर २०२५. शब्द मास्तरांचेच घेतले, मला वेगळे सुचले नाहीत.

‘दोघेही सुखरूप.’